पुस्तकाबाहेरची दोन मिनिटं

मोरूदादा घरत यांना किती वाजले असं विचारलं तर ते वेळ सांगतात. बाकी काहीही विचारा, ते पान सांगतात. एकदा जिन्यात माझ्या सासूबाई माझ्यावर तोंड सोडून बोलत होत्या. वरच्या मजल्यावर राहणारे मोरूदादा चढता चढता थांबले, "पान दोनशे सात" म्हणाले आणि निघून गेले. मी घरात जाऊन पुस्तक उघडलं. दोनशे सातव्या पानावर एक म्हातारी सुनेला म्हणते, "तुझ्या हातचं पाणीसुद्धा अळणी लागतं." सासूबाईंनी फक्त पाण्याच्या जागी चहा घातला होता.

ते पुस्तक म्हणजे आमच्या भागातली ती कादंबरी. पनवेलमध्ये तिचं नाव कोणी घेत नाही, 'ते पुस्तक' म्हटलं की पुरतं. नवं शहर वसवायला गावांच्या जमिनी गेल्या, त्यावर एका मास्तरांनी ती लिहिली. मोर्चे आहेत, लाठीमार आहे, आणि सगळ्या गावाच्या वतीने सही करून आलेला एक पुढारी आहे. कादंबरी आली तेव्हा भरबाजारात तिच्या प्रती जाळल्या होत्या म्हणे. जाळायला आधी विकत घ्याव्या लागल्या, त्यामुळे पहिली आवृत्ती हातोहात संपली. मी सांगलीकडची, मराठीची शिक्षिका, निवृत्त होऊन खांदा कॉलनीत राहिलेली. मला त्या पुस्तकात शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या. इथल्या लोकांना त्यात आपले काका-मामा दिसतात.

मोरूदादांचं एसटी स्टँडमागे लग्नाच्या फोटोंचं आणि व्हिडिओचं दुकान आहे. वय पासष्टच्या पुढे. अर्ध्या पनवेलला त्यांनी हार घालताना पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मनाने घेतलं, की त्या पुस्तकाचा पिक्चर काढायचा. मास्तर आता हयात नाहीत. त्यांच्या कन्या पुण्याला असतात, त्यांनी पत्र पाठवून परवानगी दिली. लांबलेलं गाळा, पण पुढाऱ्याच्या सभेचा प्रसंग गाळायचा नाही. आणि पदरचं एक वाक्य घालायचं नाही, एवढीच अट. मोरूदादांनी त्या पत्राला प्लास्टिक लावून घेतलं आणि दुकानात गणपतीशेजारी टांगलं.

"अट म्हंजे अट, बाई," ते मला म्हणाले. "मोडली तर पिक्चर डब्यात."

पैसा नव्हता, पण लग्नं होती. पुस्तकात मोर्चाला हजारो माणसं आहेत. मोरूदादा वरातीच्या आधी वऱ्हाडाला उभं करत आणि म्हणत, "नवरदेवाच्या नावानं नंतर वरडा, आधी एकदा 'जमीन आमच्या हक्काची' म्हना." लोक हौसेनं ओरडत. त्यामुळे त्या पिक्चरमधले निम्मे शेतकरी फेटे बांधून आहेत आणि दोघातिघांच्या हातात आइस्क्रीम आहे. मंत्र्याचं काम कापडवाल्या बशीरभाईंना मिळालं, कारण सफारी सूट फक्त त्यांच्याकडे होता. मंत्र्याची गाडी मोटार ट्रेनिंग स्कूलची. पुढच्या काचेवरचं लाल 'एल' झाकायला त्यांनी झेंडूचा हार सोडला होता, तो वाऱ्याने सारखा बाजूला होई.

आणि हेलिकॉप्टर! पान चौऱ्याण्णववर मंत्री हेलिकॉप्टरने येतो. मोरूदादांनी मंगल कार्यालयातला मोठा उभा पंखा आणून आमच्या तोंडावर सोडला. आवाजाला मिक्सर. मी नायकाची आई होते. पदर उडतोय, डोळ्यांत धूळ, आणि हे ओरडतायत, "वर बघा बाई, वर! हेलिकॉप्टर वर हाय!" मी वर बघितलं. वर एक कावळा होता, तोसुद्धा पिक्चरमध्ये आलाय.

इतकं सगळं होऊन एक काम अडलं. पुढाऱ्याचं काम करायला कोणी तयार होईना. मला नवल वाटलं. खलनायकाचं काम म्हणजे लोक तुटून पडतात, आणि इथे भाजीवाल्यापासून निवृत्त पोलिसापर्यंत ज्याला विचारावं त्याची कंबर दुखायला लागे. मी बशीरभाईंना चिडून म्हटलं, "एवढं काय आहे त्या भूमिकेत?"

बशीरभाईंनी कापडाची घडी घालता घालता माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला खरंच मालूम नाही? तो सहीवाला म्हणजे मोरूचे वालिद."

मोरूदादांचे वडील! घरी येऊन मी ते प्रकरण पुन्हा वाचलं. पुढारी भरसभेत सांगतो, की मी सही करून आलोय. लोक त्याला चपला मारतात. तो मोटारीत बसून निघून जातो आणि पुस्तकात पुन्हा कधी येत नाही. मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि स्पष्टच विचारलं, की ज्या पुस्तकानं तुमच्या वडिलांची अब्रू काढली, त्याचा पिक्चर तुम्ही कसा काय काढता?

"पुस्तक खरं हाय, बाई," ते म्हणाले. "सही बाबांनीच केली. तेवढ्यासाठी मी मास्तरांवर कधी रागावलो नाय."

शेवटी ते काम त्यांनी स्वतःच केलं. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला आणि लाल बटण दाबायला मला उभं केलं. समोर गावकरी म्हणून अकरा माणसं, प्रत्येकाच्या हातात जुनी रबरी चप्पल. मोरूदादांनी भाषण म्हटलं आणि वाट बघत उभे राहिले. एकही चप्पल येईना.

"मारा की! पान एकशे बारा! मारलंय पुस्तकात!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मोरूदादा चिडले, हात जोडले, पुन्हा भाषण म्हटलं. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी बशीरभाईंनी डोळे मिटून एक चप्पल टाकली, ती मोरूदादांपासून चार हातांवर पडली. "झालं तेवढं बास," असं म्हणून मोरूदादा खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, "बाई, अजून एक घ्यायचंय. हे पुस्तकात नाय."

मी टांगलेल्या पत्राची आठवण करून दिली. ते म्हणाले, ठाऊक हाय. मग भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि मला सांगायला लागले.

"पुस्तकात बाबा मोटारीत बसतात आनि संपतं. पन ते घरी आले व्हते ना, बाई. मास्तरांना ते कुठं ठाऊक? त्यानंतर नऊ वर्सं बाबा बाजारात गेले नाय. मासली आनायला मी जायचो. परत आलो, का पिशवीत काय हाय ते नाय बघायचे. इचारायचे, कोनी इचारलं का रे मला? मी सांगायचो, सगळेच इचारतात तुमाला. नऊ वर्सं सांगितलं, बाई. एकानंपन कधी इचारलं नव्हतं."

मी बटण दाबलं. मोरूदादा वडील झाले आणि दाराकडे बघून म्हणाले, "कोनी इचारलं का रे मला?" मुलाचं वाक्य मला कॅमेऱ्यामागून म्हणायचं होतं. चाळीस वर्षं वर्गात मोठ्याने बोलले मी, पण त्या तीन शब्दांना माझा आवाज फुटेना. नंतर त्यांनी तिथे स्वतःचा आवाज घातला.

पितृपंधरवड्यात मंगल कार्यालय रिकामं असतं, म्हणून पिक्चर तेव्हा दाखवायचं ठरलं. रविवारी सकाळी अकरा वाजता. पुण्याहून मास्तरांच्या कन्या आल्या. करड्या केसांच्या, ताठ बसणाऱ्या बाई, पहिल्या रांगेत मधोमध. मोरूदादा खांबाआड उभे राहून पडद्याऐवजी त्यांच्याकडे बघत होते. त्या नाही म्हणाल्या असत्या तर हा पहिला खेळच शेवटचा ठरला असता.

आइस्क्रीमवाला शेतकरी दिसल्यावर लोक हसले. माझ्या हेलिकॉप्टरलाही हसले, त्याचं मला वाईट वाटलं नाही. चपलेचा प्रसंग आला आणि कार्यालयात कोणी खोकलंसुद्धा नाही. मग ती दोन मिनिटं आली.

दिवे लागल्यावर कोणी उठलं नाही. सगळ्यांचं लक्ष पहिल्या रांगेकडे. कन्या उठल्या आणि सरळ खांबाकडे गेल्या.

"हे शेवटचं पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या.

"नाय," मोरूदादा म्हणाले. "अट मोडली मी. तुमी सांगाल तर काढून टाकतो."

त्या बाईंनी जवळची एक खुर्ची ओढली, मोरूदादांना बसायला लावलं आणि दुसरी ओढून त्यांच्यासमोर स्वतः बसल्या.

"कसे होते हो तुमचे वडील?" त्यांनी विचारलं.

मोरूदादांनी रुमालाने तोंड पुसलं, चष्मा पुसला.

"त्यांना ओले बोंबील लय आवडायचे," ते म्हणाले.

आणि मग ते सांगत गेले. बशीरभाईंनी आवाज न करता आजूबाजूच्या खुर्च्या आवरल्या. त्या दोन तेवढ्या राहू दिल्या.