मनोऱ्याला चोळलेलं मीठ

आमच्या जावयाला कुणी काही विचारायची खोटी, उत्तर तयार. खरं असो, नसो. आणि नेमकं सरकारी अभयारण्यात त्याला कामही तेच मिळालं, लोकांना फिरवून माहिती सांगायचं. होडीतल्या बाईने तळं किती खोल विचारलं, तर हा तळाशी बुडालेल्या राणीचं नाव सांगून मोकळा.

नोकरी कच्ची. मोठे साहेब पाहणीला येणार होते. त्यांच्या मनात भरलं तर पक्की, नाहीतर घरी. मागच्या खेपेला दिवसभर हिंडून साहेबांना एक खार दिसली होती.

म्हणून जावयाने डोकं लढवलं. हरणांना चाटायला ठेवतात ते खडेमीठ त्याने भिजवलं आणि टेहळणीच्या मनोऱ्याला चोळलं. पायऱ्यांना, कठड्याला, सगळीकडे. वर मला आणि लेकीला पराक्रम बघायला बोलावलं.

आम्ही साहेबांच्या मागोमाग वर चढलो. जावई सुरू झाला.

"साहेब, हा मनोरा तीनशे वर्षांचा. राजा इथून शिकार हेरायचा."

"हा मी बांधून घेतलाय," साहेब म्हणाले. "नोकरीला लागलो तेव्हा."

"तेच म्हणतोय, साहेब. जुन्या पायावर!"

लेकीने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात हरणं आली. आधी दोन, मग अख्खा कळप. पायऱ्या चाटायला लागली. साहेब हरखले. मग त्यांना खाली उतरायचं होतं, पण हरणं हलेनात. जावयाने हुसकावलं, तर मोठ्या शिंगांच्या नराने मान खाली घातली आणि जावई माझ्या पाठीमागे आला. साहेबांची बैठक बुडाली. जेवण बुडालं.

"ही पायऱ्यांशीच का येतात?"

"पूर्वजांची वाट आहे त्यांची, साहेब."

साहेबांनी कठड्यावर बोट फिरवून जिभेला लावलं. "खारट आहे."

"समुद्राचा वारा, साहेब!"

समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. मला राहवलं नाही. "यानेच चोळलंय मीठ," मी म्हटलं. लेकीने मला चिमटा काढला.

साहेबांनी कठड्यावरून वाकून खालचा कळप बघितला. "एवढी हरणं एका जागी मी आजवर पाहिली नव्हती. नोकरी पक्की. पण लोकांपुढे नाही. रानात जायचं, हरणांना मीठ घालायचं."

जावयाची छाती फुगली. "बघितलंत, आई?"

"बघितलं, जावईबापू. हरणं तुम्हाला काही विचारायची नाहीत. तरी तुम्ही सांगणारच."