बेवारस आणि वापरात नसलेली

सकाळचा चहा घेऊन वेलांटीकाका खिडकीत आले आणि त्यांना आपल्या गाडीच्या काचेवर कागद चिकटवलेला दिसला. एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात बायकोची चप्पल घालून ते खाली धावले.

काकांनी छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली होती. हातात लग्नपत्रिका आली तरी ते आधी चुका काढत आणि मग लग्न कुणाचं आहे ते बघत. म्हणून तर इमारतीने त्यांना हे नाव दिलं होतं. गाडी मात्र त्यांना कधी दुरुस्त करता आली नाही. एके काळी तिच्याकडे बघायला रस्त्यातली माणसं थांबत. आता ती अकरा वर्षं इमारतीमागच्या भिंतीला टेकून उभी होती. चारही टायर बसलेले, दाराला गंज, बॉनेटमधून कसलासा वेल वर आलेला. "पुढच्या महिन्यात काढतोच दुरुस्तीला," असं काका दर महिन्याला म्हणत. पण जीव होता हो त्यांचा तिच्यावर.

कागदावर पालिकेचा शिक्का होता. 'सदर बेवारस आणि वापरात नसलेले वाहन, प्राप्त झालेल्या निनावी अर्जावरून, येत्या शुक्रवारी भंगारात काढण्यात येईल.'

"निनावी!" काका वर येऊन कडाडले. "इमारतीतलाच कुणीतरी आहे हा!"

"मला तर बाई खालच्या शिंप्याचा संशय येतो," काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "परवा गाडीकडे टक लावून बघत होता. नाहीतर ती दाताची डॉक्टरीण. तिला स्वतःची गाडी लावायला जागा हवीच आहे."

काकांच्या मनात पाल चुकचुकली. पण तेवढ्यात त्यांची नजर पुन्हा कागदावर गेली. "थांब! 'आणि' म्हटलंय, 'किंवा' नाही. म्हणजे बेवारसही हवी आणि वापरात नसलेलीही हवी. उद्यापासून मी गाडी वापरणार."

"अहो, ती जागची हलत नाही."

"वापरणं म्हणजे चालवणं, असं कुठल्या शब्दकोशात लिहिलंय? मी बसणार."

आणि काका बसले. सकाळी दहा ते बारा, दुपारी चार ते सहा. डोक्यावर टोपी, मांडीवर थर्मास. काचांवर धुळीचा एवढा जाड थर होता की आतून त्यांना समोरचं मांजरसुद्धा दिसत नव्हतं. पण बाहेरच्यांना ते काय माहीत? इमारतीच्या खिडक्यांतून फक्त एक अंधूक टोपी दिसायची, तीही इमारतीकडे तोंड करून, न हलणारी.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. तिसऱ्या दिवशी शिंप्याने गिऱ्हाइकांचं उरलेलं कापड गुपचूप पोत्यात भरून मेहुण्याकडे हलवलं. डॉक्टरीणबाईंच्या पाटीवर दहाची वेळ असून त्या अकराला उगवत, त्या चक्क पावणेदहाला येऊन बसल्या आणि पेशंट दचकले. शिकवणीच्या बाई मुलांना गणितं घालून आत जाऊन झोपायच्या, त्यांची झोपच उडाली.

"नजर ठेवतोय आपल्यावर," शिंपी कुजबुजला.

"पण कुणासाठी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तेच तर कळत नाही ना!"

कळत नव्हतं म्हणूनच सगळे जास्त घाबरले. जिन्यात सभा भरली, तक्रारअर्ज लिहिला गेला, चौदा सह्या झाल्या. काकूंनी तेवढी सही केली नाही. "नवऱ्याविरुद्ध उघड कशी करू?" म्हणाल्या. सगळ्यांना ते पटलं.

शुक्रवारी पालिकेचा निरीक्षक क्रेन घेऊन हजर झाला. साखळी लावायला वाकला आणि दोन पावलं मागे सरकला. "अरे, आत माणूस आहे!"

"मी गाडी वापरतोय," आतून आवाज आला.

"साहेब, ओढा तुम्ही!" शिंपी पुढे झाला. "रोज बसतात हे. सकाळ-संध्याकाळ. एक दिवस चुकवत नाहीत."

"लेखी द्याल?"

"द्याल काय, आणलंच आहे! चौदा सह्या आहेत."

निरीक्षकाने अर्ज वाचला. पुन्हा वाचला. "म्हणजे हे वाहन रोज चार तास वापरात आहे, असं तुम्ही चौदा जणांनी लिहून दिलंय." तो क्रेनवाल्याकडे वळला. "सोड रे साखळी."

शिंप्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. काका दार ढकलून बाहेर आले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गाडीच्या टपावरून हात फिरवत ते म्हणाले, "साहेब, तो निनावी अर्ज बघू का जरा?"

"बघा की. नाव नाहीच त्यावर."

निरीक्षकाने चुकून आधी चौदा सह्यांचाच कागद दिला. काकांनी सवयीने लाल पेन काढलं आणि उभ्या उभ्या तेवीस चुका दुरुस्त केल्या. मग निनावी अर्ज हातात आला. टंकलिखित होता. पेन पहिल्या ओळीवरून सरकलं, दुसऱ्या ओळीवरून सरकलं आणि शेवटापर्यंत नुसतंच सरकत राहिलं. 'गाडीमुळे'तला 'मु' ऱ्हस्व. 'दुर्गंधी'वरचा रफार जागच्या जागी. स्वल्पविरामसुद्धा हवा तिथेच.

असं लिहिणारी माणसं त्या इमारतीत दोनच होती. एक स्वतः काका. आणि दुसऱ्या माणसाच्या वाणसामानाच्या याद्या काकांनी चौतीस वर्षं लाल करून परत दिल्या होत्या.

वरून खिडकीतून काकूंनी विचारलं, "काय हो, कळलं का कुणी लिहिलंय?"

काकांनी मान वर केली. लाल पेनाला टोपण लावलं.

"नाही," ते म्हणाले. "पण लिहिलंय मात्र अगदी शुद्ध हो. एक चूक नाही."

काकूंचा चेहरा फुलला आणि लगेच त्यांनी तो पडद्याआड घेतला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा शाबासकी मिळाली होती आणि ती घ्यायची सोय नव्हती.