कलम चार आणि उसवलेला सोफा

मेहुण्याचा सल्ला कधी ऐकायचा नाही, असं सोफेवाल्याने लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं. (दुसऱ्या दिवशी तो विसरला.) मेहुणा कर सल्लागार. त्याचं म्हणणं, दुकानातल्या एकुलत्या एका कारागिराला नोकर म्हणून ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. त्याला स्वतंत्र कंत्राटदार दाखवा, म्हणजे रजा, विमा, आजारपण, सगळी कटकट एका सहीत मिटेल.

कारागीर चौदा वर्षं जुना. खुर्चीवर नुसता हात फिरवून कुठली स्प्रिंग गेली ते सांगायचा. सोफेवाल्याला कापड विकता यायचं, बाकी आनंदच होता. तरीही त्याने कागद पुढे केला. तो खरा वाटावा म्हणून हातोडी, कात्री, दाभण, सगळी हत्यारं कारागिराच्या नावावर करून दिली, दुकानाची किल्ली तर त्याच्याकडे होतीच. कारागिराने कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि सही केली. एकदाही वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारागीर बारा वाजता उगवला. कंत्राटदार आपली वेळ आपण ठरवतो, कलम दोन. दुपारनंतर समोरच्या दुकानात कामाला जाऊन बसला. कंत्राटदार कुणाचंही काम घेऊ शकतो, कलम तीन. सोफेवाल्याच्या घरचा सोफा त्याने आधीच उसवून ठेवला होता, आणि सोफेवाल्याची बायको आठवडाभर पालथ्या बादलीवर बसून टीव्ही बघत होती. तेवढं तरी पुरं कर, अशी विनवणी झाली.

"हे काम मी घेत नाही," कारागीर म्हणाला. "कंत्राटदार काम नाकारू शकतो, कलम चार."

शेवटी बायकोने सोफा टेम्पोत घालून दुकानात धाडला, आणि सोफेवाल्याने स्वतः दाभण हातात घेतलं. (तेही कारागिराकडून मागून.) तासाभरात बोटांना तीन भोकं पडली, सोफ्याला एकही टाका नाही. कारागिराला ते बघवेना. स्टूल ओढून तो शेजारी बसला आणि दोरा ताणून धरा, टाके जवळ घ्या, असं सांगू लागला.

"रागावलायस?" सोफेवाल्याने खाली बघतच विचारलं.

"राग नाही. मी तुमचा माणूस आहे, असं धरून चाललो होतो, एवढंच."

तो कागद फाडून टाकू, असं सोफेवाला म्हणणार तोच कामगार खात्याचे साहेब दारात उभे राहिले. इथे नोकर कोण आणि कंत्राटदार कोण, हे त्यांना तपासायचं होतं. हत्यारं कुणाची? कारागिराची. दुकान कधी उघडायचं, कोण ठरवतं? कारागीर. काम कसं करायचं, कोण सांगतं? सोफेवाल्याने खरं तेच सांगितलं. साहेबांनी त्याच्या चिंध्या बांधलेल्या बोटांकडे कळवळून पाहिलं आणि लिहिलं, 'दाभण धरलेला इसम नोकर आहे. त्याला रजा व विमा तातडीने लागू करावा.'

सोफेवाला समजावून सांगायला उठला.

"बसा," कारागीर त्याला म्हणाला, आणि साहेबांकडे वळून, "नवीन आहेत अजून."

घरी बायकोने बादलीवर बसूनच सगळं ऐकून घेतलं.

"कायम केलं ना पण?" तिने विचारलं. "की तुम्हीही कंत्राटीच?"