तिसरा भाग पहिला

आमचे शेजारी नाना बोरसे गुन्ह्याची मालिका उभं राहून बघतात. बसून बघितलेला खून त्यांच्या हिशेबी बघितल्यात जमा नाही. हात मागे बांधलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नजर पडद्यावर वरून खाली फिरत असते. राठोड इन्स्पेक्टरच्या शर्टाचं मघाशी उघडं असलेलं बटण आता लागलेलं दिसलं, की नाना पुढे होऊन नेमकं त्या जागी बोट टेकवतात. त्यांच्या टीव्हीवर इतकी बोटं उमटली आहेत की राठोडला ठसे शोधायला बाहेर जायची गरज नाही.

सवय जुनी आहे. नाना कतारगामला एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कापड तपासायला होते. खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल, त्यावरून ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, ओढत न्यायचा, तुटका धागा आणि तेलाचा डाग हेरायचा. निर्दोष ताका 'फ्रेश', डागी 'सेकंड' आणि अगदीच वाया गेलेली 'चिंधी'. काम सुटलं, पण प्रतवारी सुटली नाही. कोसाडमधल्या आमच्या बिल्डिंगीत भाजीवाल्यापासून नव्या सुनांपर्यंत सगळ्यांची झाली आहे. मी सेकंडमध्ये आहे. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "मानूस चांगला, पन काठाला उसवेल."

या मालिकेचा शेवटचा सीझन सुरू झाला आणि मी कामाला जुंपला गेलो. दर रविवारी नवा भाग यायचा. तो संपला की नाना आजवरच्या सगळ्या भागांचे नंबर लावायचे, आणि सोमवारी ते नंबर मी हजीऱ्याला पोचवायचे. तिथे माझ्याच प्लँटमध्ये त्यांचा मुलगा भूषण नोकरीला होता. मी स्टोअरमध्ये, तो वेल्डिंगवर.

बापलेकांचं बोलणं बंद होतं. नानांनी मोठ्या खटपटीने त्याला कारखान्यात चिकटवलं होतं, आणि हा पठ्ठ्या एक दिवस लूम सोडून हजीऱ्याला निघाला. नाना रागाच्या भरात म्हणून गेले, की गेलास तर या दारात परत येऊ नकोस. तो तिकडेच खोली घेऊन राहिला. भूषणची आई, आमच्या काकू, असत्या तर दोघांचे कान उपटून मिटवलं असतं, पण त्या आधीच गेल्या होत्या. म्हटलेला शब्द नानांना मागे घेता येईना आणि ऐकलेला शब्द भूषणला विसरता येईना. उरली होती फक्त ही मालिका. भूषण शाळेत होता तेव्हापासून दोघं ती एकत्र बघत आले होते, आता आपापल्या खोलीत बघायचे.

मग दर सोमवारी कँटीनमध्ये मी भूषणसमोर ताट ठेवायचो आणि म्हणायचो, दुसरा भाग वर गेला, चौथा सेकंडमध्ये. तो जेवता जेवता म्हणायचा, चौथा फ्रेश आहे, त्यांना सांगा. बस्स. एकदा मी मध्येच 'नानांचा गुडघा दुखतो' एवढं घुसडून बघितलं, तर तो ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. इकडे नानांना सांगायला गेलो, की पोरगं वाळलंय, तर म्हणाले, "मी तुमाले भागाचं इचारलं." असल्या दोन दगडांमध्ये माझं डोकं.

शेवटचे दोन आठवडे राहिले तेव्हा कळलं, की भूषणची बदली ओडिशातल्या प्लँटवर झाली आहे. मालिका संपणार त्याच आठवड्यात तो जाणार. मी नानांना सांगितलं. ते चष्मा काढून पुसत बसले. मला धास्ती वाटायला लागली. मालिका संपली, पोरगं गेलं, की मग पुढच्या सोमवारी मी काय घेऊन जायचं आणि काय घेऊन यायचं?

शेवटचा भाग झाला. नानांनी मला बोलावलं आणि पक्के नंबर सांगितले. पहिला नंबर तिसऱ्या भागाला. सगळ्यात खाली पाचवा.

मला वाटलं, नानांना ताप आहे. तिसऱ्या भागात खून नाही, चोरी नाही. राठोड अर्धा वेळ बंद पडलेली गाडी ढकलतो आणि मध्येच एक गाणं होतं. नानांनी स्वतः त्याला चिंधी म्हटलं होतं. आणि पाचवा, गोदामातल्या चौकशीचा, तो सगळ्यांत फ्रेश, यावर तर बापलेकांचं कधी नव्हे ते एकमत झालं होतं. मी हे बोलून दाखवलं. नाना म्हणाले, जसं सांगितलं तसंच सांगा.

सोमवारी सांगितलं. भूषणचा घास हातातच राहिला. "पाचवा चिंधी? नाना म्हणाले?" मी मान हलवली. तो ताट तसंच टाकून उठला. उत्तर म्हणून काहीच आलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. कँटीनमध्ये तो मला टाळायला लागला.

बुधवारी संध्याकाळी माझा संयम सुटला. नानांच्या घरात शिरून मी त्यांना चांगलंच झापलं. जाणाऱ्या पोराला गोड शब्द पाठवायचा सोडून हा काय तिरसटपणा, म्हटलं.

नाना हळू आवाजात म्हणाले, "काळेभाऊ, कारागीर लूम सोडून टेबलाशी येत नाय. बोलावलं तरी येत नाय. मंग त्याचा फ्रेश ताका सेकंडमधी टाकाचा. भांडाले पयत येतो."

मी खालीच बसलो. विचारलं, "आणि नाही आला तर?"

"काही काही नाय बी येत," नाना म्हणाले, आणि दाराकडे बघत राहिले.

गुरुवारी, निघायच्या आदल्या दिवशी, भूषणला सामान बांधायला सुट्टी होती. मी कामावरून घरी येऊन चहा घेत होतो तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. मी कप घेऊनच बाहेर आलो. भूषण नानांच्या उंबऱ्याशी उभा होता, घामाने भिजलेला. आत पाऊल टाकलं नव्हतं त्याने.

"नाना, तुमना डोया गयात का? पाचवा चिंधी?" तो ओरडला. मग गोदाम काय, ती चौकशी काय, एकेक मुद्दा बोटांवर मोजत सुटला. नाना त्याच्याकडे बघत होते. मला तेव्हा त्यांची इतकी दया आली, की कप कुठे ठेवावा ते सुचेना.

भूषण दम घ्यायला थांबला.

"पाचवाच पहिला शे," नाना म्हणाले. "तू म्हनस तेच खरं. आते घरमा ये."

भांडायला आणलेलं सगळं भूषणच्या तोंडातच राहिलं.  मग तो बूट न काढता उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. नाना गुडघा धरून कष्टाने त्याच्याशेजारी टेकले.  फक्त विचारलं, "जेवन व्हयनं का तुनं?"