राणीसाहेबांचे महाली धुके न्यावयाचे ठरले, त्याची हकीकत

श्री. दुःख न सांगता जाणते ती कुलदेवता, तिचे पायी मस्तक ठेवून, पाहणारांनी सांगितले तैसे लिहिले असे.

शके सत्राशे एक, विकारीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, कोणा एका राज्यात रंभाजीराजे गादीवर असता, त्यांची एकुलती कन्या गोदूबाई ज्वराने देवाघरी गेली. राणी लाडाईसाहेब अन्नावरची वासना टाकून मुक्याने भिंतीकडे पाहात बसल्या, आणि राजे मात्र सुतक फिटताच सदरेवर आले, निवाडे केले, डोळां टिपूस आणिले नाही, आणि लोक म्हणाले, 'छाती म्हणावी तर ही!' मग राजवैद्यांनी अर्ज केला की, 'औषध हरले. बाईसाहेबांचे समोर धुक्यातल्या डोंगरदऱ्यांचे शांत चित्र असावे. दृष्टी निवेल तर मन निवेल.' राजांनी तिमाजी चितारी यास आज्ञा केली, आणि त्याने पहाटेची दरी काढिली, वर धुके पसरिले, दुसरे काही नाही.

चित्र सदरेवर पसंतीस आले आणि मसलत बसली. सेनापती सिदोजी मिशीस पीळ देत बोलिले, 'धुक्यात गनीम लपतो. एक बुरूज हवा.' शास्त्रीबोवा म्हणाले, 'कळसावाचून डोंगर उघडा दिसतो.' दिवाण नारोपंत म्हणाले, 'जमीन पिकाऊ की पडीक, हे कैसे कळावे? चार बैल तरी दाखवा!' तिमाजीने मान डोलावून सर्व काढिले, आणि मग हात जोडून पुसिले, 'सरकार, एवढी मंडळी आत आली. आता धुके कोठे बसवू?' सदर हसली, राजेही हसले, आणि पहिले होते तैसेच करावे ऐसा हुकूम जाहला.

मग राजे स्वतः चित्रासोबत महाली गेले. मनी एकच धास्ती की, लेक गेली, आता राणीही हातची जाते. लाडाईसाहेबांनी पुष्कळ वेळ पाहिले आणि इतक्या दिवसांनी प्रथम बोलिल्या, 'हे निवडिले कोणी?'

'आम्ही. आपल्या मनास विसावा पडावा म्हणून.'

'यात आपल्यास विसावा कोठे दिसला?'

'यात काहीच दिसत नाही,' राजे म्हणाले, आणि मग शब्द आवरता आवरेनात. 'दिसू लागले की तीच दिसते. सदरेवर दिसते, फिर्यादीच्या मागे उभी दिसते...'

'अगबाई! आणि मी समजत होते, मी एकटीच आहे.'

ऐसे बोलून राणीसाहेब उठल्या, आपले हाते राजांचा मंदील उतरविला, आणि राजे त्यांचे खांद्यावर मान टाकून लेकरासारखे रडले. मग बाईसाहेबांनी दासीस हाक मारून ताट मागविले, आणि राजांस म्हणाल्या, 'चित्र आपले महाली न्यावे. मला रडावयास भिंत पुरते. आपल्यास कोणी जागाच ठेविली नाही.'

त्या दिवशी सदर भरली नाही. सेनापती महालाचे दाराशी आले, आतला आवाज ऐकिला, आणि जोडे हाती घेऊन मुकाट्याने माघारे गेले.

तात्पर्य, राज्य पुढे नांदले, गोदूबाई आली नाही, आणि राजांची छाती लोकांनी पुन्हा वाखाणिली नाही. हकीकत इतकीच.