भुरोबाचा डिंकाचा टाका

एका जंगलात, मुलांनो, भुरोबा नावाचं अस्वल राहत होतं. कुठल्या जंगलात ते विचारू नका. तुम्हाला तिथे जायचं नाही, आणि गेलात तरी कुणी ओळख देणार नाही.

भुरोबाचं पोट भलतंच मोठं होतं. दुपारी त्याची दोन पिल्लं त्या पोटावरच झोपत. आजवर त्या पोटाला काट्याचा ओरखडासुद्धा उठला नव्हता, आणि भुरोबाला त्याचा फार अभिमान होता.

एका उन्हाळ्यात टेंभुर्णीला टेंभरं लगडली. पिवळीधमक, गोड, जराशी तुरट. भुरोबानं उपाशी पोटी अख्खं झाड संपवलं. साली खाल्ल्या, बिया खाल्ल्या, चावण्यात वेळ घालवला नाही. तो शेजारच्या झाडाकडेही गेला असता, पण ते माकडांनी आधीच उरकलं होतं.

तिसऱ्या दिवशी पोट फुगलं. कळ यायची, जायची, पुन्हा यायची. हिरवी उलटी झाली. आणि वारा सरेना. आता हसू नका. त्या वाऱ्याच्या भीतीनं भुरोबाच्या गुहेत एकही वटवाघूळ राहत नसे. त्या दिवशी सात वटवाघळांनी येऊन बिऱ्हाड थाटलं. ते बघून भुरोबाची बायको तानूबाई घाबरली. "हे काही साधं नाही जी," ती म्हणाली, आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

दवाखाना अर्जुनाच्या झाडाखाली होता. तिथले डॉक्टर ठोके हे जातीनं सुतारपक्षी. ते पेशंटच्या पोटावर चढत, चोचीनं ठोकत, आवाज ऐकत आणि निदान सांगत. चेहऱ्याकडे बघायची त्यांना सवयच नव्हती.

त्यांनी भुरोबाच्या पोटावर ठोकून पाहिलं. ढब ढब आवाज आला. मग ते केसांतून इकडून तिकडे फिरले.

"टाका कुठे आहे?"

"कायचा टाका जी?"

"जुन्या ऑपरेशनचा."

ऑपरेशन कधी झालंच नाही, असं भुरोबानं कण्हत पण ऐटीत सांगितलं. डॉक्टर गंभीर झाले. त्यांनी खोडावर कोरलेला नियम वाचून दाखवला. तो त्यांच्या आजोबांनी कोरला होता. ज्याचं पोट पूर्वी चिरलंय, त्याचं आतडं जुन्या टाक्यापाशी चिकटून अडतं. ते पुष्कळदा आपसूक सुटतं, म्हणून थांबावं. ज्याचं पोट कधी चिरलेलंच नाही, त्याचं आतडं अडायला काही कारणच नाही. तरीही अडलं तर आत काहीतरी भयंकर आहे, म्हणून ताबडतोब चिरावं.

"म्हणजे ज्याले चिरलं त्याले चिरत नाही," भुरोबा म्हणाला, "अन ज्याले कधीच चिरलं नाही त्याले चिरता?"

"बरोबर. बऱ्याच जणांना हे समजायला वेळ लागतो."

यांनी टेंभरं खाल्लीत, असं तानूबाई दोनदा बोलली. खोडावर टेंभरांबद्दल काही कोरलेलं नाही, असं डॉक्टर दोनदा बोलले आणि चोचीला धार लावायला गेले.

भुरोबाला रडू आलं. आपण मेलो तर पिल्लं दुपारची झोपणार कुठे, एवढंच त्याच्या मनात येत होतं. तानूबाईला मात्र रडायला सवड नव्हती. तिनं त्याला झाडामागे ओढलं. धावड्याचा डिंक घेतला, पोटावरच्या केसांचा मधोमध भांग पाडला, त्यात डिंकाची रेघ ओढली, आणि वाटेत पडलेले साळिंदराचे काटे मोडून आडवे चिकटवले. नऊ टाके पडले. मग दोघं पुन्हा रांगेत उभे राहिले.

डॉक्टरांनी पोट पाहिलं. चेहरा त्यांनी मघाशीही पाहिला नव्हता. "वा, काय सुबक टाका आहे. कोणाकडे घातला?"

"घरचाच आहे जी," तानूबाई म्हणाली.

डॉक्टरांनी नियमाप्रमाणे त्याला थांबायच्या वॉर्डात पाठवलं. तिथे सारजाबाई नावाची सारस नर्स होती. डिंकाचा वास तिला दारातूनच आला, पण ती काही बोलली नाही. तिनं भुरोबाच्या जांघा चाचपल्या, आतडं तिथे कुठे घुसून बसलंय का ते पाहिलं. पोट दाबून पाहिलं. ते फुगलेलं होतं, पण मऊ होतं. ताप नव्हता. मग काय खाल्लं ते तिनं विचारलं. दवाखान्यात हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच.

"टेंभरं," भुरोबा म्हणाला.

"सालीसकट?"

"बियांसकट."

तिनं त्याचं खाणंपिणं बंद केलं. शिरेतून सलाईन सुरू केलं. कमळाचा पोकळ देठ त्याच्या नाकातून पोटात सोडला, तशी दोन मडकी भरून हिरवं पाणी बाहेर आलं. मग त्याच देठातून तिनं पळसाच्या वाळलेल्या फुलांचं केशरी पाणी आत सोडलं.

"उद्या या वेळेपर्यंत हा रंग खालून दिसला, तर वाट मोकळी झाली," ती म्हणाली. "नाही दिसला, ताप चढला किंवा पोट दगडासारखं झालं, तर मी स्वतःच डॉक्टरांना हाक मारीन. मग टाका खरा पडेल."

ती थट्टा करत नव्हती. पलीकडच्या खाटेवरच्या तरसाचं आतडं जांघेत अडकलं होतं. त्याचं पोट तिनंच तातडीनं चिरायला लावलं होतं, म्हणून तो जिवंत होता. भुरोबा दुसऱ्या दिवसापर्यंत स्वतःच्या पोटाकडे बघत पडून राहिला. इतकी भीती त्याला वणव्याचीही वाटली नव्हती.

ऊन डोक्यावर येत होतं, मुदत संपत आली होती. तेवढ्यात तो वारा सरला. आधी तरस उठून गेला, टाके दुखत असूनही. मग वॉर्ड रिकामा झाला. मग अर्जुनाची काही पानं गळाली. आणि मग बियांच्या गोळ्यासकट केशरी रंग दिसला.

डॉक्टर ठोके नाक दाबून आले. टाका असलेला पेशंट थांबल्यानं बरा झाला, आजोबांचा नियम खरा ठरला, म्हणून ते खूश होते. टाक्याची लांबी मोजायला ते वाकले, आणि अख्खा टाका त्यांच्या चोचीला चिकटून आला.

ते बराच वेळ बोलले नाहीत. बोलता येत नव्हतं, डिंक होता.

तेवढ्यात सारजाबाईनं सांगून घेतलं. अडलेलं पोट मऊ असेल, ताप नसेल, तर टाका असो वा नसो, नीट लक्ष ठेवून थोडं थांबता येतं. भुरोबाला टाक्यानं नाही, थांबण्यानं गुण आला.

डॉक्टरांनी चोच सोडवली. "थांबणं हा काय इलाज आहे का, बाई? गुण टाक्याचाच. खोट्या टाक्यानं एवढं होतं, तर खऱ्यानं किती होईल? सोमवारपासून जंगलातल्या प्रत्येक पिल्लाला आधीच एक टाका घालून ठेवायचा. म्हणजे पुढे पोट अडलं तर चिरावं लागणार नाही. पहिला मान भुरोबाच्या पिल्लांचा."

भुरोबानं हात जोडले आणि तो घरी आला. सोमवार उजाडायच्या आत धावड्याच्या झाडांवर डिंकाचा थेंब उरला नाही. डॉक्टर टाके घालायला आले, तेव्हा सगळी पिल्लं रांगेत पोट पुढे काढून उभी होती, आणि प्रत्येकाला नऊ टाके होते. डॉक्टरांनी मोजले. समाधानानं मान डोलावली. काम आपण नक्की कधी केलं ते त्यांना आठवेना, पण काम चोख होतं.

दुपारी भुरोबाची पिल्लं त्याच्या पोटावर झोपली आणि त्याला चिकटली. संध्याकाळपर्यंत सुटली नाहीत.

तात्पर्य : मुलांनो, टेंभरं खुशाल सालीसकट खा. मात्र दवाखान्यात जाताना टाका घरून घेऊन जा.