हरकरेकाका आणि रूळ नसलेलं फाटक

हरकरेकाकांच्या हातात लग्नपत्रिका दिली, की ते आधी तिचा वास घेतात. मुलामुलीचं नाव, मुहूर्त, कार्यालय हे सगळं नंतर. पत्रिका नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे, एक कोपरा बोटांत चुरगाळून कानाशी धरायचा आणि निकाल द्यायचा, "ॲस्पनचं लाकूड आहे. थोडं बर्चचं घातलाय. पण लगदा नीट धुतलेला नाही." माझ्या भावाच्या लग्नाची सोनेरी गणपतीवाली पत्रिका मी नागपूरहून मोठ्या हौसेने आणली होती. काकांनी ती हुंगली आणि म्हणाले, "उसाचं चिपाड आहे गं हे. गणपती चांगला आहे." त्यानंतर आठवडाभर मलाच विचारत होते, लग्न कधी आहे म्हणून.

काकांचा जन्म गेला कागदात. आधी बल्लारपूरला, मग इथे, मिनेसोटाच्या पार उत्तरेला, टॅमरॅक फॉल्समध्ये. मी याला गाव म्हणते. काका लगेच दुरुस्त करतात, "सिटी. पाटी वाच." पाटीवर सिटी आहे खरं, पण पाटी वाचून होईपर्यंत सिटी संपते. मी मराठी माणसांनी भरलेल्या पिस्कॅटवेहून इथल्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला आले, तेव्हा इथे मराठी बोलायला भिंतीच असणार असं धरून चालले होते. पहिल्याच रविवारी किराणा दुकानात मी फोनवर आईशी वाद घालत होते. कागदी पिशवी हुंगत उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ माझा फोन संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "आईचं बरोबर आहे. नागपूर ना?" तेव्हापासून ते माझे काका आणि मी त्यांची हक्काची श्रोता.

श्रोता हा शब्द मी विचार करून वापरलाय. "थांब, याला इतिहास आहे" हे काकांचं पालुपद. रस्त्यातल्या खड्ड्याला इतिहास आहे. डोनटच्या दुकानाला आहे. एकदा मी बर्फावरून घसरून पडले, तर मला उठवता उठवता म्हणाले, "इथे पडलीस होय? याला इतिहास आहे." माझी कंबर गेली कामातून आणि यांना तिथल्या जुन्या खानावळीची आठवण. त्यांच्या गाडीत बसलं की सुटका नाही. नदीवरचा पूल आला की वेग बैलगाडीचा होतो.

"वसंतात बर्फ वितळलं की या नदीचं पाणीच दिसायचं नाही," काका सांगायला लागतात. "नुसते ओंडके. पांढऱ्या पाइनचे, या काठापासून त्या काठापर्यंत. खिळ्यांचे बूट घालून माणसं त्यांच्यावरून चालत जायची. ओंडके सगळ्या कंपन्यांचे एकत्रच वाहत यायचे, मग कुणाचा कुठला हे कळणार कसं? तर प्रत्येकाचा हातोडा वेगळा. ओंडक्याच्या तोंडावर ठप्पा मारायचा, आपण भांड्यांवर नावं घालतो तसं."

मग जंगल संपलं. उरलेल्याला आग लागली आणि निम्मी वस्ती जळाली. दुसरं कुठलं शहर असतं तर बिऱ्हाड उचलून चालतं झालं असतं. इथली माणसं राहिली. मोठी झाडं नाहीत ना, मग बारक्या झाडांचा कागद करू म्हणाली. मिल उभी राहिली, तिच्या भोंग्यावर शहर जेवायला आणि झोपायला लागलं. आता त्या मिलचाही अर्धा भाग बंद आहे. उरलेल्या अर्ध्यात खोक्यांचा पुठ्ठा होतो, आणि वारा फिरला की सडक्या कोबीचा वास घराघरांत शिरतो. मी खिडक्या लावते. काका उघडतात. म्हणतात, "वास येतोय म्हणजे आज कुणाच्या तरी घरी पगार येतोय."

इथल्या माणसांचं बोलणं मोजून मापून. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट वर करतात, झालं संभाषण. एवढी वर्षं इथे राहून काकांना ही एकच गोष्ट जमली नाही. ते बोट वर करतात आणि काच खाली करून बोलायलाही लागतात. मालतीकाकू होत्या तोवर त्या शेजारच्या सीटवरून "अहो, पुरे" म्हणायच्या. त्या गेल्या आणि पुरे म्हणणारं कोणी राहिलं नाही.

तर गेल्या वर्षी, पानं गळायच्या दिवसांत, या गाडीपायीच मोठं प्रकरण झालं. मिलच्या मागच्या रस्त्यावर, गाडीत एकटेच असताना, काकांनी मधोमध गाडी थांबवली. सिग्नल नाही, माणूस नाही, हरीणसुद्धा नाही. काका थांबले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मागून ओंडक्यांचा ट्रक येत होता. त्याने ब्रेक मारला म्हणून आज हे व्यक्तिचित्र आहे, नाहीतर श्रद्धांजली लिहावी लागली असती. ट्रकच्या मागे पोलीस होता. त्याने विचारलं, का थांबलात? काका म्हणाले, "रेल्वे फाटक आहे." पोलिसाने रस्त्याकडे पाहिलं. तिथे एकेकाळी लाकडांच्या गाडीचे रूळ होते, हे खरं. पण ते उखडले त्याला माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली असतील.

लायसन्सच्या ऑफिसातून पत्र आलं, पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्या म्हणून. काकांनी पत्र हुंगलं. "आपल्या मिलचा नाही हा कागद," म्हणाले आणि नाक मुरडून टेबलावर टाकलं. गेले टेस्टला. परीक्षक बाईंना आधी सांगितलं, की तुमचं टेबल आहे तिथे पूर्वी ओंडके ओढणारे घोडे बांधायचे. मग गाडी चालवली उत्तम, आणि नेमके त्या फाटकापाशी येऊन थांबले. बाईंनी नापास केलं, आणि पुढच्या टेस्टपर्यंत गाडीत लायसन्सवालं कोणी बरोबर असेल तरच चालवायची, अशी अट घातली.

आता इथे लायसन्स गेलं म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. बस नाही, रिक्षा नाही, दुकान लांब आणि अर्धं वर्ष बर्फ. ज्याची गाडी गेली त्याचं घर गेलंच समजा. काकांची मुलगी केतकी लांब, पूर्वेकडच्या पार्सिपनीला असते. तिने टेस्टच्याच संध्याकाळी मला फोन केला.

"तू खरं सांग, बाबा विसरायला लागलेत का?" तिने विचारलं. "नसलेली ट्रेन दिसते त्यांना. मला रात्र रात्र झोप नाही यार. आणखी एक चान्स आहे म्हणे टेस्टचा. पुन्हा फेल झाले तर मी येऊन त्यांना घेऊन जाणार. घर विकून टाकू. इथे बेसमेंट रेडी केलंय मी."

तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. मला तर तिची दयाच आली. पण हरकरेकाका पार्सिपनीच्या बेसमेंटमध्ये, ही कल्पना करून बघा. तिथे कुठल्या खड्ड्याला इतिहास आहे? मी तिला म्हटलं, टेस्टपर्यंत मी रोज त्यांच्याबरोबर बसते, प्रॅक्टिस करून घेते. मनातून मीही घाबरले होते. हॉस्पिटलमध्ये काम करते, विसरणारी माणसं रोज बघते.

पहिल्या दिवशी फाटकाची जागा आली. काका थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"काका, रूळ कुठे आहेत?" मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं.

"नाहीत. मला काय दिसत नाही का?" काका वैतागून म्हणाले. "उखडून भंगारात विकले. लहान मुलाशी बोलल्यासारखी बोलू नकोस."

माझा निम्मा जीव भांड्यात पडला. उरलेला निम्मा संतापला. "मग थांबता कशाला? घर जायची वेळ आली तुमची."

"सवय आहे," काका म्हणाले आणि गाडी पुढे घेतली. त्या दिवशी त्यांनी एकाही गोष्टीचा इतिहास सांगितला नाही, आणि तेव्हाच मला शंका आली, की हे काहीतरी लपवतायत.

प्रॅक्टिस सुरू असताना, टेस्ट होईपर्यंत मी बरोबर असल्याशिवाय गाडी काढायची नाही, असा आमचा करार होता. एका गुरुवारी दुपारी काकांचाच फोन आला. आवाज पडलेला. "येतेस का जरा? एका माणसाला फिरवून आणायचं आहे. दर गुरुवारी नेतो मी. दोन आठवडे झाले, गेलो नाही. तो दारात बसून राहतो म्हणे."

आम्ही वृद्धाश्रमात गेलो. दारापाशी खुर्चीत एक उंच, हाडकुळा म्हातारा कोट घालून तयार बसला होता. त्याचं नाव आर्वो. काका बल्लारपूरहून इथे आले तेव्हा मिलमध्ये हा त्यांचा पहिला सोबती. पहिल्या हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर नेऊन यानेच काकांना गाडी शिकवली. आता त्याला काही आठवत नाही. मुलं नाहीत, बायको कधीच गेली. काका त्याच्या दृष्टीने टॉयवो, त्याचा धाकटा भाऊ, जो ऐन तरुणपणात वारला.

मी मागे बसले. आर्वो पुढे. शहर बघत होता, पण आजचं नाही. गॅरेज दिसलं की लोहार म्हणत होता, बँक दिसली की खानावळ. काका प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते. मला हा सगळा इतिहास ओळखीचा वाटला. काका इतकी वर्षं मला जे ऐकवत होते, ते कुठल्या पुस्तकातलं नव्हतं, या माणसाकडून ऐकलेलं होतं.

मिलच्या मागच्या रस्त्यावर वळलो तसा आर्वो ताठ झाला. दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवले. ओठ हलायला लागले. काकांनी आरशात पाहिलं, मागे कोणी नव्हतं. गाडी थांबवली. आर्वोने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एक अख्खी मालगाडी जाईल इतका वेळ तो बघत राहिला. मग मागे टेकला आणि म्हणाला, "गेली. चल आता."

"तरुणपणी लाकडांच्या गाडीवर ब्रेक लावायला होता हा," काका मला मराठीत म्हणाले. "एकदा मी थांबलो नाही, तर चालत्या गाडीचं दार उघडायला लागला. रडला गं. एवढा मोठा माणूस. तेव्हापासून थांबतो. आता एकटा असलो तरी पाय आपोआप ब्रेकवर जातो."

"मग हे केतकीला सांगायचं ना. पोलिसाला सांगायचं."

"काय सांगू? एका वेड्याला घेऊन फिरतो म्हणून? केतकी म्हणेल, त्याच्याकडे बघायला आश्रमाची माणसं आहेत. आणि त्याला वेडा म्हटलेलं मला चालायचं नाही."

मी त्याच संध्याकाळी केतकीला फोन केला आणि सगळं सांगितलं. काका रागावतील तर रागावोत.  ऐकता ऐकता ती रडत रडत हसायला लागली. "म्हणजे बाबा ठीक आहेत," एवढंच चार वेळा म्हणाली.

दुसऱ्या टेस्टला मी ऑफिसात बाकावर बसून होते. काका परत आले ते घामेघूम. मागून परीक्षक बाई. मी बाईंच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं, या शहराची पद्धतच ती. मग त्यांनी कागदावर सही केली. "पास," म्हणाल्या. 

"फाटकावरून सरळ गेलो गं," काका मला हळूच म्हणाले. "पाय ब्रेकवर गेलाच होता. पण गेलो."

जाता जाता बाई थांबल्या. त्यांनाही काका गाडीत सगळं सांगून बसले होते, न सांगून जातात कुठे. "थांबायचंच असेल ना," बाई म्हणाल्या, "तर सिग्नल देऊन कडेला घ्या. कडेला हवा तेवढा वेळ थांबा. कायदा आड येत नाही." आणि आत निघून गेल्या. इतकी साधी गोष्ट आम्हा दोघांपैकी एकालाही सुचली नव्हती.

केतकीला फोन केला, तिने बेसमेंट भाड्याने द्यायचं जाहीर केलं. मग काका म्हणाले, आज गुरुवार आहे. थेट आश्रमात गेलो. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. गाडीत हीटर सुरू होता, मी तर कोट काढून बसले होते. आर्वो गाडीत बसला, पट्टा लावला, आणि काकांच्या टकलाकडे बघून त्याचा चेहरा एकदम कडक झाला.

"टॉयवो, टोपी कुठे आहे तुझी?" तो ओरडला. "कान झडतील. किती वेळा सांगायचं तुला?"

"काका, सांगा ना त्यांना हीटर चालू आहे," मी मागून म्हटलं.

"बोलू दे गं," काका म्हणाले. "मालती गेल्यापासून मला असं कोणी रागावलंच नाही."

त्यांनी खिशातून लोकरीची टोपी काढली, कानांवरून नीट खाली ओढली, आणि पसंत पडली का ते विचारायला आर्वोकडे तोंड वळवलं.